शालनताईंचा मास्क

आमच्या शेजारच्या शालनताई प्लॅस्टिक सर्जनच्या दवाखान्यात नर्स आहेत. नाक नीट करून घेतलेल्या बायका रस्त्यात त्यांना ओळख दाखवत नाहीत. ताईंशी बोलताना कोणी पाहिलं, तर गावभर बोभाटा!

लॉकडाऊनमध्ये दवाखाना बंद पडला. उघडल्यावर मात्र गर्दी उसळली, कारण आता सूज मास्कखाली झाकता येत होती. त्याच मास्कच्या आडून मांडवीच्या किनाऱ्यावर बायका थांबून विचारायच्या, "ताई, जेवलात काय?" एकट्या ताईंचा तेवढ्यावर दिवस जायचा.

मग मास्क गेले. त्याच बायका आता ताई दिसल्या की रस्ता ओलांडतात. नाकं सरळ झाली, मेल्यांची नजर तेवढी वाकडीच!

ताई मात्र अजून मास्क लावूनच मांडवीला जातात, आणि बाकावर शेजारी एका माणसाची जागा सोडून बसतात.