विसरवाडीच्या अलीकडे तुटलेली वायर

मंडळी, या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतोय. मी नाशिकला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पार्ट का तुटला याचं कारण सापडेपर्यंत फाइल बंद करायची नाही, हे माझं रोजचं काम. घरात कोणी भुताखेताचा विषय काढला की मी उठून जायचो. आजही ‘असं काही असतं’ असं माझ्या तोंडून निघत नाही. झालं तेवढंच लिहितो...

आमचं गाव कळसाडी, तालुका शहादा. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते शाळेत शिक्षक, आणि त्यांचा सगळा जीव एका जुन्या गाडीवर — क्रीम रंग, गोल बोनेट, गिअर स्टीअरिंगला. दर रविवारी बोनेट उघडून बसायचे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि त्यांच्या चुका काढायला लागलो. गाडीवरून आमचं कधी पटलं नाही.

“नाना, भंगारमा दी टाका हाई,” मी म्हणायचो.

“एकदाव तुन्हा संगे सुरतलोंग जाई येऊत. मंग दी टाकू.”

मला सुट्टी मिळाली नाही. म्हणजे मिळायची, पण दुसरीकडे जायची. नानांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ते गेल्यावर मी ती गाडी नटबोल्टपासून खोलून पुन्हा उभी केली. का, ते विचारू नका.

गेल्या डिसेंबरात आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपने नाशिक ते सुरत अशी टूर काढली. बाकीचे धुळ्याहून हायवेने येणार होते. मी कळसाडीहून निघून नंदुरबार, खांडबारा करत विसरवाडीला त्यांना गाठणार होतो. माय चौऱ्याहत्तर वर्षांची. आदल्या दिवशी म्हणाली, “मी बी येस.” मला नाही म्हणवलं नाही.

खांडबाऱ्याला चहा घेतला. निघताना ग्रुपवर मेसेज टाकला, ‘खांडबारा सोडलं’. तो फोनमध्ये अजून आहे — दहा वाजून वीस मिनिटं. त्यानंतर पाव तासाने एका वळणावर इंजिन बंद पडलं. धक्के नाहीत, आवाज नाही... कोणी चावी फिरवावी तसं. गाडी रेटत एका मोहाच्या झाडाखाली लावली. मोबाईलला रेंज नव्हती.

पेट्रोल येत होतं, पण प्लगला ठिणगी नव्हती. या गाड्यांत अशा वेळी पहिला संशय कंडेन्सरवर जातो. माझ्याकडे नवा होता, बदलला. काही नाही. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासले, कॉइल बदलली. तास गेला. माय मागच्या सीटवर दार उघडं ठेवून बसली होती. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. सहा वर्षांत पहिल्यांदाच मला असं झालं, की नानांनी शेजारी उभं राहून आपल्याला रागवावं. दुरुस्ती नाही सांगितली तरी चालेल, नुसतं रागवावं.

तेवढ्यात विसरवाडीकडून एक मोटारसायकल आली आणि आमच्याजवळ थांबली. पन्नाशीचा माणूस, हॅन्डलला हत्यारांची पिशवी. नाव हमीदभाई, विसरवाडीला त्यांचं गॅरेज आहे, हे नंतर कळलं. ते थेट बोनेटपाशी आले.

“कंडेन्सर बदली टाकं ना? ते चांगलंच व्हतं.”

त्यांनी डिस्ट्रिब्युटर उघडला आणि पॉइंटला जाणारी बोटभर लांबीची वायर काढून माझ्या हातात दिली. वरचं कापडी वेष्टन धड होतं. ओढून बघितलं तर ते रबरासारखं ताणलं गेलं... आत तांब्याची तार तुटलेली. वरून कोणालाही दिसली नसती. मग त्यांनी खिशातून तशीच नवी वायर काढली. विणलेली, दोन्ही टोकं कथलाचा डाग देऊन तयार, मापाची. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली.

“तुम्हाला पाठवलं कोणी?” मी विचारलं.

“तुम्हना वडील उनथात ना, मन्हा दुकानवर.”

वडील आले होते म्हणे. तेव्हा हमीदभाई एका जीपखाली झोपून काम करत होते. त्यांना फक्त पाय दिसले — चपला आणि धुळीने भरलेला पायजमा. वरून आवाज आला, तो त्यांनी जसाच्या तसा सांगितला. “नंदुरबार रस्ताले, मोहाना झाडखाले मन्हा पोऱ्यानी गाडी शे. तो कंडेन्सर बदलत बसी. पॉइंटनी वायर आतमा तुटेल शे, वरथीन दिसत नही. तेले तुम्ही सांगा. मन्हं तो ऐकत नही.”

हमीदभाई बाहेर आले तेव्हा तिथे कोणी नव्हतं. रिक्षाने पुढे गेले असतील, असं त्यांना वाटलं. तसली वायर विकत मिळत नाही, म्हणून हातातली जीप उरकून त्यांनी ती बसून बनवली आणि निघाले.

“किती वाजता आले होते?”

“दहाले. समोरनी शाळानी घंटा व्हयनी तव्हय.”

दहाला आम्ही खांडबाऱ्याला चहा पीत होतो. गाडी उत्तम चालत होती.

मी त्यांना सांगितलं, की वडील सहा वर्षांपूर्वी वारले. ते काही वेळ हातातला पाना पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, “मी त्यासले म्हनं व्हतं, थांबा, संगे जाऊत.”

माय गाडीतून उतरली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने एकच विचारलं, “बोलतांना दम लागी ऱ्हायंता का त्यासले?”

“नही मावशी. आवाज एकदम मोकळा व्हता.”

नानांची फुप्फुसं शेवटची दोन वर्षं निकामी झाली होती. एक वाक्य तीन तुकड्यांत बोलायचे. मायने मान हलवली, पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. संध्याकाळी आम्ही सुरतला पोचलो. ग्रुपला मी फक्त ‘वायर तुटली होती’ एवढंच सांगितलं.

नंतर मी हमीदभाईंच्या गॅरेजवर जाऊन आलो, आजूबाजूला विचारलं. त्या सकाळी कोणी म्हातारा माणूस पाहिल्याचं कोणालाच आठवत नाही. रस्त्याने जाणाऱ्या कोणी निरोप दिला म्हणावं, तर वायर तुटल्याचं मलाच माहीत नव्हतं. वेळ चुकली म्हणावं, तर हमीदभाई घंटेवर ठाम आहेत. कारण सापडलेलं नाही. सापडेल असंही आता वाटत नाही.

पण खरं दुखणं वेगळं आहे. ते आले, तर एका अनोळखी माणसाच्या दुकानात का गेले? मी तर त्याच रस्त्यावर होतो... मायला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, “तेस्नी सांगं ना, तू ऐकत नही म्हनीसन.”

तेव्हापासून त्या रस्त्याने मी चारदा गेलोय. गाडी एकदाही अडली नाही. मागच्या वेळी मीच त्या झाडाखाली गाडी थांबवली, बोनेट उघडलं आणि अर्धा तास आत वाकून उभा राहिलो. मागे पावलं वाजली. वळून बघितलं, तर एक ट्रक ड्रायव्हर होता.

“काय बिघडनं भाऊ?”

“काही नाही,” म्हणालो, आणि बोनेट लावलं.