चुलीजवळचा माणूस

स्टुडिओत सगळे तिला अल्फाताई म्हणायचे. फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात गेली की ती आधी विचारायची, "अल्फा आला का?" अल्फा म्हणजे चित्राचा कुठला भाग पारदर्शक आहे ते सांगणारा थर. संगणकावर तयार केलेल्या चित्रात रंगाखाली असे बरेच थर असतात. फॉरमॅट बदलताना ते हमखास गळतात. ताईच्या हातून एकही गळत नसे.

तळोद्यातल्या त्या स्टुडिओचे मालक, भाऊ, कंटाळायचे. "ताई, रंग चांगला शे ना, बस. बाकी कोन देखस?"

"मी बघते," ताई म्हणायची, आणि डबा सोडून अर्धी भाकर न विचारता माझ्यापुढे सरकवायची.

ती सातपुड्यातली, पावरा आदिवासी. तिचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ती आईच्या कडेवर होती. वडील त्याआधीच गुजरातेत ऊसतोडीला गेले आणि परतले नाहीत, एवढंच तिला सांगितलेलं. पुढे एका प्रदर्शनासाठी ते गाव संगणकावर उभं करायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा आईला विचारून विचारून तिने आपलं घर रचलं. चूल, कणगी, मोहाच्या फुलांची टोपली. माणूस एकही ठेवला नाही.

प्रदर्शनवाल्यांसाठी फाइल बदलताना तिने मला हाक मारली. "डेप्थ बघ."

डेप्थ हा अंतराचा थर. करडा असतो, जवळचं उजळ, लांबचं काळं. रंगात चुलीजवळ कोणी नव्हतं. डेप्थमध्ये गुडघे पोटाशी घेऊन एक माणूस बसला होता. आम्ही मूळ मांडणी तपासली. तिथे काहीच नव्हतं. चित्र पुन्हा बनवलं. तो होताच, आधीपेक्षा जरासा उजळ.

"जवळ सरकलाय," ताई म्हणाली.

भाऊंनी तो थर काढून टाकायला सांगितलं. तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. आई पडद्याजवळ वाकली आणि पावरीत काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, गुजरातेत कोणी गेलंच नव्हतं. पाणी आलं, सगळे टेकडीवर चढले. हा उठलाच नाही."

आईने पडद्याला बोट लावलं आणि, जेवलास का, असं विचारावं तशा साध्या आवाजात आणखी एक वाक्य बोलली. त्याचा अर्थ ताईने मला सांगितला नाही.

तिने फाइल सगळ्या थरांसकट पाठवून दिली. दुपारच्या जीपने दोघी गेल्या. ताई पुन्हा कामावर आली नाही. मध्यंतरी मी फोन केला, तेव्हा म्हणाली, धरणग्रस्तांच्या वसाहतीतच असते, आईजवळ.

"आई कशी आहे?"

"बरी आहे. संध्याकाळी दार लावू देत नाही."

"आणि तू?"

"मीही लावत नाही."