एकशे बेचाळीस रकाने

शेलारांची उन्नती वडपे गावातल्या औषधांच्या गोदामात कॉम्प्युटरवर बसायला लागली, तेव्हा तिची आई शेवंता त्याच गोदामात सात वर्षं पॅकिंग करत होती. आई खाली खोक्यांच्या रांगेत, लेक वर काचेच्या केबिनमध्ये. दोघी सकाळी एकाच रिक्षाने यायच्या आणि गेटवर वेगळ्या व्हायच्या.

ही २००६ सालची गोष्ट. गोदामात आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद डेटाबेसमधल्या एका भल्यामोठ्या टेबलात होई. त्याला एकशे बेचाळीस रकाने होते. काही शोधायचं तर काळ्या पडद्यावर क्वेरी, म्हणजे काय हवं ते विचारणारी ओळ, टाइप करायची. सगळे रकाने मागवले की एकच ओळ अख्खा पडदा व्यापायची आणि डोळे फिरायचे. मोजकेच हवे असतील तर त्यांची तोडकी-मोडकी इंग्रजी नावं एकेक करून लिहायची, आणि एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. केबिनमधले बाकीचे लोक ठरलेल्या चार रिपोर्टांवर भागवत. उन्नतीला ते पटेना. डेटाबेस स्वतःच्या रकान्यांची यादीही ठेवतो, हे तिला क्लासमध्ये शिकवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत बसून तिने आठ-दहा ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. टेबलाचं नाव आणि हव्या त्या रकान्याच्या नावाचा एखादा तुकडा दिला, की जुळणारे सगळे रकाने स्वल्पविराम लावून समोर यायचे. उचलायचे आणि क्वेरीत टाकायचे. मॅनेजर राकेश पाटील यांनी पाहिलं, मान डोलावली आणि ते आपल्या कामाला लागले.

श्रावणातल्या एका मंगळवारी कंपनीचा फोन आला. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची एक बॅच सदोष निघाली होती. कुठल्या दुकानांत गेली ते दुपारपर्यंत कळवायचं होतं. राकेशनी नेहमीचा रिपोर्ट काढला. एकेचाळीस दुकानं निघाली.

उन्नतीने आपल्या स्क्रिप्टला फक्त ‘बॅच’ एवढंच सांगितलं. तीन रकाने आले. रिपोर्टात त्यातला एकच होता. दुसरा कारखान्याच्या तपासणीचा होता, ते तिला ठाऊक होतं. तिसऱ्याचा अर्थ केबिनमध्ये कुणालाच सांगता येईना. ती जिना उतरून आईकडे गेली.

शेवंताने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. म्हणाली, “खोका फुटला का आमी बाटल्या दुसऱ्या खोक्यात भरतो. त्याच्यावर नवा नंबर पडतो. जुना नंबर पन लिवून घेतात, पर तो कोन बघत न्हाय.”

तिसरा रकाना त्या जुन्या नंबराचा होता. उन्नतीने रिपोर्टातल्या आणि या, अशा दोन्ही रकान्यांत बॅच शोधली, सोबत दुकानाचं नाव, गाव आणि फोन मागवला. यादी सत्तावन्न दुकानांची झाली. सोळा दुकानं रिपोर्टाने गाळली होती.

राकेशनी यादी दोनदा वाचली. “ही कुठून काढलीस?”

“रकाने मी शोधले, सर. अर्थ आईनं सांगितला.”

सत्तावन्न दुकानांना फोन गेले. गुरुवारपर्यंत शिल्लक बाटल्या परत आल्या, विकलेल्याही दुकानदारांनी घरोघर जाऊन गोळा केल्या. कुठल्याच पोराला इजा झाली नाही. पुढच्या महिन्यात पुण्याहून कंपनीचे साहेब आले. ती स्क्रिप्ट त्यांनी सगळ्या गोदामांतल्या कॉम्प्युटरांवर टाकायला लावली आणि बॅचच्या रिपोर्टात तो तिसरा रकाना घालून घेतला. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती लिहिणाऱ्या उन्नतीचं नाव राहू दे, असंही बजावलं.

जाताना साहेब पॅकिंगच्या रांगेशी थांबले आणि शेवंताला म्हणाले, खोक्यांवरचं अजून काय काय आम्हांला माहीत नाही, ते एकदा बसून सांगा. त्या दुपारी शेवंता पहिल्यांदा काचेच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसली. पदर नीट करून ती सावकाश एकेक गोष्ट सांगत गेली, साहेब लिहून घेत राहिले. उन्नती शेजारी उभी होती. आईच्या बोलण्यात एकदाही शब्द घालावा लागला नाही, हे तिने पुढे कितीतरी जणांना अभिमानाने सांगितलं.