पोळ्याला बदलायचा पाइप

त्या पावसाळ्यात आमच्या इंजिनिअर रेजिमेंटची एक तुकडी फ्लड ड्यूटीसाठी वैनगंगेच्या काठावर आली. फौजेत आयुष्य काढलं, पण स्वतःच्या जिल्ह्यात ड्यूटी लागली ती तेवढी एकदाच. मी हवालदार, गाव सौंदड. माझा जोडीदार लान्स नायक बिसन नेताम, चिचगडचा. लोकांशी त्यांच्या बोलीत बोलता येईल, म्हणून सुभेदारसाहेबांनी आम्हा दोघांना एकाच बोटीवर ठेवलं. इंजिन बिसनकडे, बोटीची कमांड माझ्याकडे.

बोटीच्या इंजिनाबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेट्रोलची टाकी बोटीच्या मधोमध असते. तिथून रबरी पाइप मागे इंजिनापर्यंत जातो. पाइपाच्या मध्ये हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो. तो दाबत राहिलं की पेट्रोल वर चढतं आणि फुगा कडक होतो. फुगा कडक होत नसेल तर पाइप कुठेतरी हवा ओढतोय असं समजायचं. मग इंजिन खोकतं आणि बंद पडतं.

आता फौजेची एक खोड. इन्स्पेक्शन आलं की आम्ही सगळं चमकवायचो. बूट, बक्कल, बादल्या, आणि हो, हा पाइपसुद्धा. काळं बूट पॉलिश लावून फडक्याने घासला की पाइप नवाकोरा दिसायचा. बारीक चिरा पॉलिशने भरून जायच्या. साहेब खूश, स्टोअरवाला खूश. त्या पॉलिशने रबर आणखी खराब होतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. असला शहाणपणा फौजच करू जाणे!

बिसनला हे अजिबात पटत नसे. तो पाइप अंगठ्याभोवती वाकवून बघायचा. रबर ताठ झालं, वाकवल्यावर चिरा दिसल्या, बोटांना चिकटलं, किंवा पुसून कोरडा केल्यावरही पेट्रोलचा वास आला, की पाइप संपला असं त्याचं म्हणणं. आणि यातलं काहीच नसलं तरी ठरलेल्या मुदतीला बदलायचाच. ड्यूटीवर निघण्याआधी त्याने नवा पाइप मागितला होता. स्टोअरवाल्याने आमचा चमकणारा पाइप उजेडात धरला आणि म्हणाला, "चल रहा है ना? फिर काहे को बदलना?"

बिसन मला बाहेर येऊन म्हणाला, "बैलाची वेसन तुटाची वाट कोनी पाह्यते का जी? पोळा आला का नवी घालते. जुनी चांगली असली तरी."

आमच्याकडे खरंच तसंच करतात. मी हसलो आणि म्हणालो, सरकारी बोटीला पोळा नसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका वेढलेल्या गावातून निरोप आला. बाळंतपणाची बाई अडली होती. आम्ही गेलो. बाईला आणि तिच्या सासूला बोटीत घेतलं, लाइफ जॅकेट घातलं. पलीकडच्या काठावर ॲम्ब्युलन्स उभी होती. नदी तपकिरी आणि भरधाव. प्रवाहाच्या खालच्या अंगाला पूल होता, पाणी त्याच्या कठड्याला लागलेलं. तिकडे वाहत गेलो तर बोट उलटणार, हे मला दिसत होतं.

मधल्या धारेत इंजिन खोकलं आणि थांबलं.

बिसनने फुगा दाबला. मऊच. परत दाबला. मऊच. मी दोराला बांधलेला लोखंडी गळ फेकला. पहिल्यांदा सुटला, दुसऱ्यांदा पाण्यात बुडालेल्या बाभळीत अडकला. दोर ताणला गेला आणि बोट थबकली. मी वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, बोट टू. इंजिन बंद. पेशंट सोबत आहे. ओव्हर."

"बोट टू, दुसरी बोट लांब आहे. होल्ड करा. ओव्हर."

होल्ड करा! बाभळीची फांदी मोडत आली होती. बाई कण्हत होती. सासूने माझा दंड धरला आणि विचारलं, "काऊन थांबले बापा?" खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

बिसन मात्र पाइप वाकवत वाकवत इंजिनाच्या टोकाकडे गेला. उष्णतेने तेवढाच भाग कडक होऊन तडकला होता. पॉलिशखालून चीर उघडली. त्याने सुरी काढली, हातभर पाइप कापून पाण्यात फेकला आणि उरलेला चांगला भाग इंजिनाला घट्ट बसवला. पण पाइप आता तोकडा पडला. म्हणून त्याने टाकी मागे ओढली, उचलून मांडीवर घेतली आणि दोन्ही पायांनी आवळून धरली. मग फुगा दाबायला लागला.

"कडक झाला जी," तो म्हणाला. "दोर सोडा."

दोर सोडणं म्हणजे परत धारेत जाणं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि दोर कापला. स्टार्टरच्या पहिल्याच ओढीला इंजिन सुरू झालं. काठ येईपर्यंत बिसन टाकी मांडीवर घेऊन बसला होता. पेट्रोल सांडून त्याच्या मांड्यांची कातडी सोलवटली. संध्याकाळी सेटवर कळलं, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. सुभेदारसाहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळे रांगेत उभे असताना, फॉलिनमध्ये, सगळ्या बोटींचे पाइप मागवले आणि आमच्यासमोर एकेक वाकवून पाहिला. तडकलेले पाइप तिथेच कापून टाकले. पाइपाचं पॉलिश त्या दिवसापासून बंद झालं.

दोन वर्षांनी सरहद्दीवर सुरुंग काढताना बिसन गेला. मी तेव्हा दुसऱ्या पोस्टवर होतो. मला त्याला खांदाही देता आला नाही.

रिटायर झाल्यावर मी बायकोच्या माहेरी, चोरखमारा तलावाजवळ घर बांधलं. तलावावर मासेमारांच्या संस्थेची एक इंजिनाची बोट आहे. पहिल्याच वर्षी मी पोळ्याच्या दिवशी तिचा पाइप बदलायला बसलो, तर संस्थेचे मोतीरामभाऊ तडकलेच. चांगला पाइप फेकणारा फौजी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला म्हणे. मी त्यांना बिसनची गोष्ट सांगितली. आताच्या पेट्रोलात इथेनॉल येतं, जुन्या रबराला ते सोसत नाही, हेही सांगितलं. तेव्हापासून दर पोळ्याला पाइप तपासायचा आणि दर तिसऱ्या पोळ्याला बदलायचा, असं ठरलं. ते करायचो मात्र मीच.

यंदा बदलायचं वर्ष होतं आणि मी नेमका तापाने अंथरुणावर होतो. सणाच्या गडबडीत कुणाला आठवणार, म्हणून जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मोतीरामभाऊंना फोन लावला आणि पाइपाचं विचारलं.

"बदलवला जी कालच."

"जुना खराब झाला होता का?"

"नाई जी, चांगलाच होता," मोतीरामभाऊ म्हणाले. "बिसनभाऊचं नाव घेतलं, नारळ फोडला आनि बोटीले नवी वेसन घातली."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.