दर दहावं घर

तुम्ही नेहमी विचारता, "नलू, तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून?" अरे, माझी नोकरीच तशी होती! लोकांच्या दारात जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं फॉर्मात भरायची. फॉर्म सगळे सरकारजमा झाले. पण फॉर्मात न मावणारं जे काही लोक बोलायचे, ते ठेवायला ऑफिसात कपाटच नव्हतं. मग ते साठलं आमच्या डोक्यात.

साठचं दशक संपत आलं होतं. अंधेरीला पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत आमचं आकडेवारीचं ऑफिस. नळ कुठे द्यायचा, बस कुठे सोडायची, दवाखाना कुठे काढायचा हे ठरवणाऱ्यांना आम्ही उपनगरांतले आकडे पुरवायचो. मी, कांबळे आणि आमचे सबनीस साहेब. खाली गिरणी सुरू झाली की टेबलं थरथरायची आणि तक्त्यांवर पीठ बसायचं. "आमची आकडेवारी चाळून घेतलेली असते!" असं साहेब पाहुण्यांना सांगायचे.

*

साहेबांचा एक नियम कडक. दर दहावं घर! आपल्याला आवडेल ते नाही, जिथे चहा मिळेल ते नाही. मोजत जायचं आणि दहावं येईल त्याच दारावर टकटक करायची. नाहीतर आकडे खोटं बोलतात.

घाटकोपरच्या एका चाळीत मी दारांवर खडूने नंबर टाकले. दहावं घर आलं एका मास्तरांचं, आणि त्याला कुलूप. नवव्या घरातल्या गोदाकाकू दारातच उभ्या होत्या.

"चहा टाकलाय. ये, बस, विचार."

"काकू, तुमचं घर नाही आलं यात. शेजारचं आलंय."

"मास्तरांचं? अगं, तो माणूस बायकोशी बोलत नाही, तुझ्याशी काय बोलणार! आमच्यात काय कमी आहे?"

मी खूप समजावलं. उद्या येते म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीवर पहिला नंबर, आणि तिथून पुढे अख्खी चाळ एकेक नंबर सरकलेली! गोदाकाकूंच्या दारावर ठसठशीत दहा!

"आता घे लिहून!" त्या म्हणाल्या.

मी साहेबांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. तर ते स्वतः आले, गोदाकाकूंकडे पाट घेऊन बसले, एकूण एक प्रश्न विचारला. तासभर! काकू नुसत्या फुलल्या होत्या. उतरताना साहेबांनी फॉर्मची घडी करून खिशात टाकली.

"साहेब, हा धरायचा?"

"छे! नियम म्हणजे नियम."

"मग एवढा तास का घालवलात?"

"अगं, तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं."

मास्तरांचा फॉर्म दुपारी भरून झाला. सात मिनिटांत!

*

गोरेगाव पूर्वेला नवी बस सोडायची की नाही, हे ठरायचं होतं. म्हणून कांबळेला सकाळी नाक्यावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे कागदावर एक काडी. चार उभ्या, पाचवी आडवी.

संध्याकाळी त्याचा कागद बघून साहेब खूश. "वा! एवढी वर्दळ? बस सोडायलाच हवी!"

कांबळे डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, एक घोटाळा आहे. यातले पुष्कळसे मावळे आहेत."

"कोण?"

"मावळे. ढाल-तलवारवाले. स्टुडिओत शूटिंग होतं. सुटल्यावर तसेच बाहेर पडले."

मी हसायला लागले. साहेब मात्र गंभीर. "त्यांना घरी जायला बस लागत नाही का?"

"लागते की."

"मग धर!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कांबळे पुन्हा डोकं खाजवत आला.

"साहेब, आज तेच लोक मोगल होऊन बाहेर पडले. एकदा धरायचे की दोनदा?"

*

हा कांबळे मूळचा आत मराठवाड्याकडचा. मिटिंगमध्ये तोंड उघडायचा नाही. एकदाच उघडलं.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती होती. तिथे किती नळ द्यायचे, हा प्रश्न. आम्ही घरोघरी विचारून आलो होतो, "रोज किती पाणी लागतं?" उत्तर बहुतेक सगळीकडे एकच. दोन हंडे.

मिटिंगला आलेल्या इंजिनिअर साहेबांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, "या लोकांना पाणी फारच कमी लागतं. एक नळ पुष्कळ झाला."

कांबळे उभा राहिला. आवाज स्वच्छ.

"साहेब, माझ्या लहानपणी आमच्या वस्तीला गावच्या विहिरीवर जायची बंदी होती. तेव्हा कुणी मोजायला आलं असतं ना, तर आम्हाला पाणी लागतच नाही असं निघालं असतं."

तक्ता स्वतःकडे ओढून सबनीस साहेब म्हणाले, "कांबळे, चूक इंजिनिअर साहेबांची नाही. चूक आपल्या प्रश्नाची आहे."

आम्ही दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म घेऊन परत गेलो. मिळतं किती, हा एक रकाना. हवं किती, हा दुसरा. पहिल्याच घरातल्या म्हातारीने दुसरा प्रश्न दोनदा विचारायला लावला. तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

तो तक्ता बघून इंजिनिअर साहेबांनीच एकाचे चार नळ केले, आणि तसं कांबळेला येऊन सांगितलं. नळ सुरू झाले त्या दिवशी कांबळे तिकडे गेला होता. वस्तीतल्या बायकांनी त्याला धरून नळाखाली उभा केला आणि चिंब भिजवला! तसाच निथळत तो ऑफिसात आला. खाली गिरणी जोरात चालू होती. जिना चढून वर येईपर्यंत त्याची कणीक झाली होती!

*

आता माझीच फजिती सांगते. मला एक स्थळ आलं. बोरिवलीचं. मुलगा मोठ्या कंपनीत मॅनेजर, घर प्रशस्त, माणसं मोजकी. आई हरखून गेली. मी पत्ता वाचला आणि पुन्हा वाचला. दोन महिन्यांपूर्वी ते घर माझं दहावं होतं!

त्यांचा फॉर्म मीच भरला होता. खोल्या किती, माणसं किती, कोण काय करतं, सगळं मला पाठ. मॅनेजरच्या नावापुढे त्याच्याच आईने लिहायला सांगितलं होतं, "सध्या घरीच असतो." पण कुणाच्या घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा आमचा साहेबांना दिलेला शब्द.

"मला नाही करायचं लग्न तिथे," मी म्हटलं.

"का?" आई.

"सांगता येत नाही."

"तू त्याला ओळखतेस?"

"सांगता येत नाही."

"अगं, असं काय बोलतेस! माझा जीव टांगणीला लागलाय."

"आई, सरकारी गुपित आहे गं!"

आईच्या डोक्यात प्रकाश पडला. जवळ सरकून हळूच म्हणाली, "बरं, हा नको. पण तुमच्या फॉर्मांत एखादा चांगला मुलगा असेल तर बघ की!"

*

आणि मनोरीचं तर सांगायलाच हवं.

मनोरीला सूतिकागृह हवं का, अशी फाइल आली. वरच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांचा शेरा होता, "नोंदीप्रमाणे मनोरीत जन्म जवळजवळ नाहीत. गरज दिसत नाही."

नोंद खरीच होती. मनोरीच्या बायका बाळंतपणाला होडीतून खाडी ओलांडून मार्व्याला यायच्या आणि तिथून मालाडला जायच्या. मूल जिथे जन्मेल तिथली नोंद. आम्ही घरोघर फिरून पाळणे मोजले, तसं लिहून पाठवलं. मोठ्या साहेबांना पटेना. शेवटी ते स्वतःच आले. मी आणि कांबळे त्यांना गावभर हिंडवत होतो. सोबत गावातली जुनी सुईण, हिराबाय.

पाळण्यामागून पाळणे बघून मोठे साहेब म्हणाले, "पण ही मुलं मनोरीचीच कशावरून?"

हिराबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग काय जाल्यात गावली, साएब?"

दुपारी परतीच्या होडीत आम्ही बसलो, तर हिराबाय एका पोटुशीला सांभाळत चढली. यशोदा तिचं नाव. कळा सुरू झालेल्या. चाललेली मालाडला. होडी खाडीच्या मध्यावर आली आणि यशोदेने माझा हात असा आवळला की बांगडी फुटली.

"साएब, तोंडं फिरवा!" हिराबाय ओरडली. तिने बोचक्यातलं लुगडं काढून एक टोक कांबळेच्या हातात दिलं, दुसरं मोठ्या साहेबांच्या. दोघं पाठमोरे उभे, मध्ये लुगड्याचा आडोसा. होडी हलत होती, मोठे साहेब घामाने भिजले होते, पण लुगडं त्यांनी इंचभर खाली येऊ दिलं नाही.

आणि रडू ऐकू आलं. मुलगी! नावाड्याने वल्ही सोडून टाळ्याच वाजवल्या. हिराबायने पोर पुसून यशोदेच्या कुशीत दिलं आणि म्हणाली, "दोगी बी झकास!" यशोदा हसत होती, मी रडत होते. कांबळेचा हात सवयीने पिशवीत गेला. फॉर्म काढला, आईचं नाव, तारीख, वेळ लिहिली आणि थांबला.

"जन्मस्थळ काय लिहू?"

सगळ्यांनी दोन्हीकडे बघितलं. मागे मनोरी, पुढे मार्वे. मार्वे जरा जवळ.

"आता काय, मालाडची म्हनूनच लिवतील," हिराबाय म्हणाली.

मोठे साहेब अजून लुगडं धरून उभे होते. त्यांनी वळून त्या पोरीकडे बघितलं. मग नावाड्याला म्हणाले, "होडी फिरव."

"कुटं, साएब?"

"मनोरीला."