लायक, लाईक आन माझा अंगठा

एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागं दुसरा उभाच असतो. हंगामात कारखान्याच्या वाटंवर उसाचा एक ट्रॅक्टर दिसला की मागं चार-पाच असत्यातच, तसं. आमच्या पिंपळीत सकाळी डेअरीला दूध घालून झालं की आमी बायका कट्ट्यावर टेकतो. तितंच हे साठत्यात. मला लिहाय-वाचाय येत न्हाय. मी सांगती, नात मयुरी लिहिती. मधी तिला हसू येतं तवा पेन थांबतं, येवढंच.

आज एकाच शब्दाचं सांगते. शब्द इंग्रजी हाय, पर आता आमच्या घरचाच झालाय. लाईक!

*

मयुरी शाळंत हुती तवाची गोष्ट. उंबऱ्यात बसून मोठ्यांदा घोकायची, "आय लाईक मँगो. आय लाईक मिल्क."

मी भाकरी थापत हुते. म्हणलं, "आंबा लायक, दूध लायक. आन माणसं गं?"

"लायक न्हाय आजी, लाईक! म्हंजी आवडतं."

"अस्सं! मग नालायक म्हंजी काय?"

पोरगी इचारात पडली. म्हणाली, "असा शब्द कुणी सांगितला तुला?"

"माझी सासू रोज म्हणायची की."

मयुरीनं डोकं खाजवलं आन म्हणाली, "मग म्हंजी नावडती!"

घ्या! माझ्या सासूला इंग्रजी येत हुतं, आन मला ते इतक्या वर्सांनी कळलं!

*

आमचं मालक, म्हंजी मयुरीचं आबा, चौथी पास. सहीचा लई अभिमान. बँकंत गेलं की पेन झाडायचं, चष्मा पुसायचं, मग सही. सहीच्या खाली दोन रेघा. आन मग सायबाला मोठ्यांदा सांगायचं, "हिचा अंगठा घ्या. अंगठेबहाद्दर हाय आमची!"

सायब हसायचा. मी घरी येईस्तोवर अंगठा पदराला पुसत यायची. शाई काय जायची न्हाय.

पुढं मयुरीनं माझ्या हातात फोन दिला. वासराचा फोटू हुता. "आजी, लाईक करायचं म्हंजी हितं अंगठा लावायचा."

म्हणलं, "शाई कुठंय?"

"शाई लागत न्हाय!"

मी बघितलं तर खाली समद्यांचं अंगठं. डॉक्टरचा अंगठा, मास्तरचा अंगठा, बारामतीच्या वकिलाचा अंगठा! मी गोठ्याकडं हाक मारली, "अवं, हिकडं या! समदं शिकल्यालं जग माझ्या वर्गात येऊन बसलंय!"

आबा आलं, बघितलं, आन म्हणालं, "मी सही करणारा माणूस हाय. मी अंगठा लावणार न्हाय."

"आन आवडलं तर?"

"हं," म्हणालं आन गेलं.

आता हे "हं" काय ते सांगते. आबांनी जन्मात कशाला चांगलं म्हणलं न्हाय. आमटी बिघडली तर भाषण. आमटी झकास झाली तर "हं." लग्नापासनं मी त्या "हं"वरच हाय!

*

आमच्या आळीत एक म्हातारी वारली. देव तिला चांगलं ठेवो, पर सुनंला तिनं लई छळलं हुतं. पोरांनी फोनवर म्हातारीचा फोटू टाकला, हार घातल्याला. खाली अंगठ्यांची रांग लागली.

म्हातारीची लेक दहाव्याला आली ती रडतच. "माझी आय मेली ते लोकांना आवडलं का गं? लाईक काय करत्यात!"

माझी मैतरीण हाजराबी, तिचं बारामतीत बांगड्यांचं दुकान हाय, ती जवळच बसली हुती. तिनं समजूत घातली. "तसं नसतं गं बाई. आता लाईक म्हंजी नुसतं बघितलं, कळलं, असं."

लेक गप झाली. मग हाजराबी माझ्या कानाशी आली. "पर पारू, सुनंनं पयला अंगठा लावलाय. आन तिला तर घरातच असून कळलं हुतं!"

मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, मी रडती!

*

काटेवाडीच्या माझ्या नणंदेचा तर निराळाच ताल. हळदी-कुंकवाला आली आन वाण घेईना. तोंड फुगल्यालं.

म्हणलं, "वन्सं, काय चुकलं?"

"माझ्या नातवाचा बारशाचा फोटू टाकला. तुमच्या घरातनं एक लाईक न्हाय! तुमची नवी म्हस आली, तिलासुदिक लाईक केलंय मी!"

मी म्हणलं, "अवं वन्सं, म्हशीचा फोटू नुसता बघायचा असतो. नातवाला मी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलंय. अंगठा एकटाच कशाला, धाही बोटं लावल्यात!"

वन्संनी वाण घेतलं. वर एक तिळाचा लाडू जास्तीचा नेला.

*

आता शेवटचा. हा सांगताना मयुरी म्हणतीय, "आजी, नको." म्हणलं, लिही गप.

मयुरी इंदापूरला ट्रॅक्टरच्या शोरूममधी कामाला लागली. ट्रॅक्टर इकती पोरगी! शेतकरी येत्यात, ताई, ताई करून इचारत्यात. आळीत दुसऱ्या कुणाची नात हाय अशी?

एकदा शेंगा फोडता फोडता म्हणाली, "आजी, मला एक मुलगा लाईक हाय."

मी हात थांबवला. "लायक हाय का आवडतो?"

"दोन्ही."

सागर त्याचं नाव. त्याच शोरूममधी मेकॅनिक. आबांनी पुण्याचा इंजिनेर बघून ठेवला हुता. मी आबांच्या कानावर घातलं, तर ते म्हणालं, "मेकॅनिक? इंजिनाखाली निजणारा?" मग त्येंनी बोलायचं सोडलं. मयुरीनं जेवायचं सोडलं. घरात नुसता म्हशीचा आवाज.

मी म्हणलं, पोराला बघा तरी. बघून न्हाय म्हणा.

रविवारी सागर आन त्याची आय आली. मयुरीनं सकाळीच भावकीच्या ग्रुपवर त्याचा फोटू टाकला हुता. समद्यांनी बघितला, पर एकाचा अंगठा उठंना. आबांचं काय ते कळल्याबिगर कोण लावतंय?

चहा झाला. सागरची आय साधी बाई. तिनंच हात जोडून इचारलं, "आबा, पोरगं लायक वाटतंय का तुमाला?"

आबांनी सागरच्या हाताकडं बघितलं. "हात काळं हायत तुजं."

मयुरीचा चेहरा पडला. सागर म्हणाला, "आबा, सकाळी येताना वाटंत एकाचा ट्रॅक्टर बंद पडला हुता. खोलला. हे ऑईल साबणानं लगीच जात न्हाय."

"मग हात मागं ठेवायचं."

"कशाला, आबा? तेच माझं काम हाय."

मी दाराआड हुते, ती भाईर आले. पाव्हण्यांफुडं मी कधी बोलत न्हाय, पर त्या दिवशी बोलले. "अवं, काळा अंगठा तर तुमी लग्नापासनं बघताय. त्यानं तुमचा परपंच अडला का?"

सागरची आय खाली बघाय लागली. हाताला लागल्याली शाई मलाच आठवली, आन वाटलं, आता मोडलं समदं.

आबांनी चष्मा काढला. पुसला. घातला. मयुरीला म्हणालं, "घरचा फोन आण."

पोरीनं फोन दिला. त्यावर सागरचा फोटू. आबांनी तो बराच येळ बघितला. मग माझ्याकडं बघून म्हणालं, "हिकडं ये. अंगठा आण तुजा."

"तुमी लावा की. मालक तुमी हाय."

"मी सही करणारा माणूस. हितं सही चालत न्हाय. ह्या घरात अंगठ्याचा मान तुजा."

असं म्हणून त्येंनी माझा हात धरला. पाव्हण्यांफुडं! माझा अंगठा धरून फोनवर टेकवला. लगीच टिंग, टिंग, टिंग, भावकीचं अंगठं उठाय लागलं. काटेवाडीच्या वन्संचा पयला! मयुरी रडत हुती, हसत हुती, सागरची आय माझ्या पाया पडाय वाकली.

आन आबांनी माझा हात तसाच धरल्याला.

मयुरी डोळं पुसत म्हणाली, "आबा, एकदा टेकवला की झालं. धरून ठेवाय लागत न्हाय."

आबा म्हणालं, "मला ठावं हाय."