फाटकात मांडलेलं पातेलं

तिचं नाव मी विचारलंच नाही. राळेगावकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत ती खिचडी शिजवायची, आणि मी केंद्र सरकारच्या तांदळाची तपासणी करायला गेलो होतो. कापूस वेचणीचे दिवस होते. भाव पडलेले, मजूर लावणं परवडेना, म्हणून घरोघरची पोरं वावरात. हजेरीइतकाच तांदूळ शिजवायचा, असा नियम. सकाळच्या हजेरीत सतरा पोरं, आणि बाईनं टाकला चाळिसांचा. मी चिडलो.

"थांबा न साहेब, जरासक," ती म्हणाली आणि ओट्यावर उभी राहून झाकणावर खिचडी ढवळायचा सराटा बडवू लागली. थोड्याच वेळात पऱ्हाटीतून पोरं धावत आली, केसांत कापूस अडकलेला. पातेलं रिकामं झालं.

"दिल्लीवून तांदूळ इथवर आला, साहेब. पोट्टे तं बाजूच्याच वावरात हायेत."

जेवणं झाल्यावर तिनं ते भलंमोठं पातेलं शाळेच्या फाटकात आडवं मांडलं आणि तिथेच राखेनं घासत बसली. लख्ख झालं तरी हात थांबेना.

"नळ तर तिकडे आहे," मी म्हणालो.

"हाये न. पण मी इथून उठली का पोट्टे वापस वावरात जातेत."

आत पाढे सुरू झाले होते. मला एसटी गाठायची होती. ती सरकली नाही. खालमानेनंच म्हणाली, "उद्यापासून तांदूळ कमी टाकू का?"

मी मागे वळलो आणि वर्गात जाऊन गुरुजींना म्हणालो, "हजेरी आता घ्या."